बरोक काळातल्या निसर्ग-एचिंगमधली साधी माणसं: ती शोधायची, ओळखायची आणि वाचायची कशी

डच चित्रकार रेम्ब्रांटचं ‘तीन झाडं’ हे १६४३ सालचं एचिंग, म्हणजे आम्लाने रेघा खोदलेल्या तांब्याच्या पत्र्यावरून छापलेलं चित्र, ए-फोर कागदापेक्षा जरासं लहान आहे, साधारण २१ बाय २८ सेंटिमीटर. उजवीकडे उंचवट्यावर तीन झाडं, डावीकडे तिरप्या, ताठ रेघांचा पाऊस, मधे सपाट शेतं आणि क्षितिजावर शहर. बहुतेक जण एवढं पाहून पुढे जातात. पण त्याच चित्रात डावीकडे पाण्याकाठी गळ टाकलेला एक माणूस आहे आणि त्याच्याजवळ एक बाई बसली आहे. उंचवट्याच्या माथ्यावर कुणी चित्रकार कागद घेऊन बसला आहे आणि त्याचं तोंड नेमकं या वादळी आकाशाच्या उलट्या दिशेला आहे. तिकडेच माणसांनी भरलेली एक गाडी चालली आहे. लांबच्या शेतात गुरं आणि गुराखी आहेत, उंचीला मिलिमीटर-दोन मिलिमीटर. आणि उजव्या कोपऱ्यातल्या झुडपात, जिथे रेघांवर रेघा मारून जवळजवळ काळोख केला आहे, तिथे एक प्रेमी जोडपं लपलं आहे.

अशा माणसांकडे भरीला घातलेली म्हणून पाहायची जुनी सवय आहे. झाड किती उंच ते कळावं म्हणून खाली एक माणूस उभा करायचा, इतकंच त्यांचं काम, असं मानतात. मला हे अजिबात पटत नाही. बरोक काळातल्या, म्हणजे मुख्यतः सतराव्या शतकातल्या, चांगल्या एचिंगमध्ये माणसापासून सुरुवात करा आणि त्याचं पोट कशावर चालतं एवढं विचारा. मग ऋतू, वेळ, जमीन कुणाची, गाव शहरापासून किती लांब, युद्ध आहे की शांतता, हे एकेक उलगडत जातं. झाडांपासून सुरुवात केली तर यातलं फारसं काही हाती लागत नाही. ही पाहणी पायरीपायरीने कशी करायची ते खाली सांगतो. उदाहरणं मुख्यतः हॉलंड, लोरेन (आताच्या फ्रान्सच्या ईशान्येचा प्रांत) आणि इटलीतली घेतली आहेत, कारण या प्रकाराचं खरं बळ तिथेच होतं.

पायरी पहिली: चित्र पुरेसं मोठं मिळवा

फेसबुकवर किंवा व्हॉट्सॲपवर आलेल्या चित्रात ही माणसं दिसतच नाहीत, त्यांचा नुसता ठिपका होतो. अ‍ॅमस्टरडॅमचं राइक्सम्युझियम, न्यूयॉर्कचं मेट्रोपॉलिटन म्युझियम आणि वॉशिंग्टनची नॅशनल गॅलरी यांनी आपल्या संग्रहातल्या हजारो एचिंगच्या मोठ्या फाइली मोफत ठेवल्या आहेत. ब्रिटिश म्युझियमच्या संकेतस्थळावरचा शोधही फार चांगला आहे. चित्रकाराचं नाव रोमन लिपीत टाकून शोधा. रेम्ब्रांटच्या बाबतीत नावाबरोबर बार्च क्रमांक टाकलात तर नेमकं चित्र सापडतं. आडाम बार्चने १७९७ मध्ये रेम्ब्रांटच्या एचिंगची सूची केली, तिचे क्रमांक आजही चालतात. ‘तीन झाडं’ म्हणजे बार्च २१२, ‘सिक्सचा पूल’ म्हणजे २०८, ‘ओम्व्हाल’ २०९.

शक्य असेल तर मोबाइलऐवजी संगणकाच्या पडद्यावर पाहा. एकदा पूर्ण चित्र, मग चार तुकडे, मग माणूस. हा क्रम मोडू नका. थेट माणसावर झूम केलं तर तो कुठे उभा आहे हेच विसरायला होतं.

पायरी दुसरी: रेघ कशी उमटते ते समजून घ्या

हे न समजता पाहिलं तर या माणसांतलं निम्मं कौशल्य निसटतं. तांब्याच्या गुळगुळीत पत्र्यावर मेण, राळ आणि डांबर यांच्या मिश्रणाचा पातळ थर देतात. त्या थरावर सुईने चित्र काढलं की तेवढ्या रेघेपुरतं तांबं उघडं पडतं. पत्रा आम्लात ठेवला की आम्ल उघड्या रेघा खातं. जास्त वेळ ठेवला तर रेघ खोल होते आणि छापल्यावर काळी दिसते, कमी वेळ ठेवला तर फिकट. मग थर काढून शाई भरायची, वरची शाई पुसून टाकायची, ओलसर कागद ठेवायचा आणि रुळांच्या दाबयंत्रातून पत्रा काढायचा. खोल गेलेल्या रेघांतली शाई कागदावर येते.

यातून दोन गोष्टी निघतात. एक, सुई मेणावरून जवळजवळ विनासायास सरकते. तांब्यात हत्यार ढकलत कोरावं लागणाऱ्या कामापेक्षा इथे हात मोकळा असतो, म्हणून चालणारा, वाकलेला, ओझं उचलणारा माणूस दोन-चार फटक्यांत जिवंत होऊ शकतो. दोन, लांबच्या माणसांवर आम्ल थोडंच चालू द्यायचं, मग तो भाग झाकून जवळच्या माणसांच्या रेघा आणखी खोल खाऊ द्यायच्या, असं करता येतं. अंतर दाखवण्याची ही युक्ती लोरेनच्या जाक कालोने (१५९२–१६३५) फार पुढे नेली. मऊ मेणाचा थर आम्लात दगा देत असे, नको तिथे आम्ल शिरे. कालोने त्याऐवजी ल्यूट नावाचं तंतुवाद्य बनवणारे कारागीर वापरत ते कठीण व्हार्निश घेतलं. त्यामुळे एकच पत्रा पुन्हापुन्हा निर्धास्तपणे आम्लात घालता आला. शिवाय टोक तिरपं कापलेली एक सुई तो वापरे. हात फिरवला की तिची रेघ मधे फुगते आणि टोकांना बारीक होते. त्याच्या कुठल्याही उभ्या माणसाच्या पाठीची रेघ मोठी करून पाहा, हा फुगवटा दिसेल. ही सगळी पद्धत पुढे पॅरिसच्या आब्राहाम बॉसने १६४५ च्या आपल्या ग्रंथात लिहून ठेवली.

पायरी तिसरी: माणसं शोधा, आणि अंधारातही शोधा

नजर नुसती भिरभिरू देऊ नका. आधी पाण्याचा काठ आणि पूल, मग रस्ता, मग घराचं दार आणि खिडकी, मग शेत, आणि सगळ्यात शेवटी झाडांखालची दाट सावली. बरोक चित्रकारांना अंधार हवाच असतो आणि त्यात ते काहीतरी ठेवतातच. रेम्ब्रांटने तर ही खोड दोन वर्षांत दोनदा केली. ‘तीन झाडं’मधलं जोडपं सांगितलंच. १६४५ च्या ‘ओम्व्हाल’मध्ये आम्स्टेल नदीच्या काठावर हॅट घातलेला एक माणूस आपल्याकडे पाठ करून उभा आहे, नदीत छत घातलेल्या नावेतून लोक चालले आहेत, पलीकडे पवनचक्की. सगळं उजेडात. आणि डावीकडे जुन्या, फुटलेल्या झाडाच्या खोडामागच्या सावलीत एक तरुण एका मुलीच्या डोक्यावर फुलांचं कडं ठेवतो आहे. पाठ करून उभ्या असलेल्या माणसाला ते दिसत नाही, बहुतेक पाहणाऱ्यांनाही दिसत नाही.

सापडलेल्या प्रत्येक माणसाची कागदावर नोंद करा: कुठे आहे, उभा की बसलेला, एकटा की कुणाबरोबर, हातात काय, तोंड कुठे. चेहरा बहुधा नसतोच, तेव्हा तो शोधत बसू नका.

पायरी चौथी: काम विचारा

ही सगळ्यात महत्त्वाची पायरी. हातातल्या वस्तूवरून काम कळतं आणि कामावरून जमीन कळते.

हारलेमपासून सुरुवात करू, कारण हॉलंडमधलं हे निसर्गचित्रण तिथेच रुजलं. क्लास यान्स फिस्सर या चित्रकाराने १६११–१२ च्या सुमारास हारलेमच्या आसपासच्या रम्य जागांची १२ एचिंगची मालिका काढली. तिच्यात सरायी आहेत, झांडफोर्टच्या किनाऱ्यावरचा दीपस्तंभ आहे, शहराबाहेरचं कुष्ठरोग्यांचं घर आहे आणि वाळूच्या टेकड्यांजवळची कापड पांढरं करण्याची मैदानं आहेत. या मालिकेमागचा काळ ध्यानात घ्या. १५७२–७३ मध्ये स्पॅनिश सैन्याने हारलेमला वेढा घालून शहर घेतलं होतं. पुढे १६०९ ते १६२१ अशी बारा वर्षांची शस्त्रसंधी झाली. शहराबाहेरच्या रस्त्यावर कुत्रा घेऊन चालणारी, सरायीच्या दारात बसलेली माणसं हा तेव्हा साधा विषय नव्हता. बाहेर निर्धास्त चालता येणं हीच बातमी होती.

त्या कापडाच्या मैदानांकडे नीट पाहा. गवतावर लांबच लांब पांढरे पट्टे आणि त्यांच्यामधे वाकलेली छोटी माणसं, बहुतेक बायका. लिननचं, म्हणजे अळशीच्या धाग्याचं, कापड आधी क्षाराच्या पाण्यात उकळायचं, धुवायचं, उन्हात गवतावर पसरायचं, त्यावर पुन्हापुन्हा पाणी शिंपडायचं आणि शेवटी ताकात भिजवायचं. ताकातल्या आंबटपणाने क्षार मरतो. हे काम काही महिने चाले आणि त्याला ऊन लागे, म्हणून अशी मैदानं दिसली की चित्रातला काळ वसंत ते शरद यांच्यातला धरायला हरकत नाही. वाळूच्या टेकड्यांमधून झिरपणारं स्वच्छ पाणी आणि आजूबाजूच्या गोठ्यांतलं ताक, यांमुळे हारलेमला बाहेरच्या देशांतूनही कापड येई.

याच मैदानांचं रेम्ब्रांटने १६५१ मध्ये काढलेलं रुंद दृश्य ‘सोनं तोलणाऱ्याचं शेत’ या नावाने ओळखलं जातं. नाव चुकीचं आहे. ती जागा हारलेमजवळची साक्सेनबुर्ख नावाची मालमत्ता, आणि तिचा मालक ख्रिस्टोफेल थेइस. रेम्ब्रांटने आपलं अ‍ॅमस्टरडॅमचं घर ज्यांच्याकडून घेतलं आणि ज्यांचे पैसे त्याला फेडता येत नव्हते, त्यांच्यापैकी हा एक. धनकोच्या जमिनीवर राबणारी माणसं ऋणकोने किती हलक्या हाताने, जेमतेम टिंबांत काढली आहेत ते पाहण्यासारखं आहे.

आणखी काही खुणा ध्यानात ठेवा. काठावरून घोडा चालतो आहे आणि त्याच्या दोराने नाव ओढली जाते आहे असं दिसलं तर ती ठरलेल्या वेळी सुटणारी प्रवासी नाव. अ‍ॅमस्टरडॅम ते हारलेम अशी सेवा १६३२ मध्ये सुरू झाली. तिच्यात व्यापारी, कारकून, बाजाराला निघालेल्या बायका सगळे एकत्र बसत. चार खांबांवर वरखाली होणारं छप्पर दिसलं तर ते गवताच्या गंजीचं. छप्पर खाली आलं असेल तर गवत संपत आलं आहे, म्हणजे हिवाळ्याचा शेवट किंवा वसंत. खांद्यावर आडवी काठी आणि दोन्हीकडे भांडी असतील तर दूधवाला. पाठीवर उंच टोपली म्हणजे फेरीवाला. जाळं किंवा मासे धरायचा सापळा म्हणजे धंदा. एकटा गळ मात्र फसवा असतो. हारलेमचा चित्रकार आद्रियान फान ओस्टाड याच्या एका एचिंगमध्ये लाकडी पुलावरून गळ टाकलेली माणसं आहेत, आणि ती संध्याकाळच्या भाजीसाठी बसली आहेत की वेळ घालवायला, हे ठरवता येत नाही. मला ते चित्र त्यासाठीच आवडतं.

पायरी पाचवी: कपडे आणि उभं राहणं

कपड्यांचे तपशील इतक्या छोट्या आकारात मिळतात तेवढेच घ्या. रुंद काठाची हॅट, खांद्यावरून सुटलेला झगा आणि हातात काठी असेल तर शहरातला फिरायला आलेला माणूस. आखूड बंडी, ढगळ तुमान, गोल टोपी असेल तर शेतकरी. बाईचं अ‍ॅप्रन आणि वर खोचलेला घागरा म्हणजे ती कामात आहे. कमरेला तलवार असेल तर सैनिक, नाहीतर श्रीमंत.

कपड्यांपेक्षा उभं राहणं जास्त खरं बोलतं. काम करणारा माणूस कमरेत वाकतो, फिरायला आलेला ताठ असतो. सामान वाहणाऱ्याचा तोल पुढे जातो. भिकारी दाराशी उभा असेल तर त्याचं डोकं आणि हॅट धरलेला हात एकाच रेघेत उतरतात. रेम्ब्रांटने हे भिकारी कालोकडून शिकून घेतले. कालोची २५ भिकाऱ्यांची मालिका १६२२–२३ च्या सुमाराची, आणि त्यानंतर काही वर्षांत तरुण रेम्ब्रांटने केलेल्या छोट्या एचिंगमध्ये तेच फाटके झगे, तीच कुबडी दिसते.

पायरी सहावी: गर्दी वाचायला जत्रेत शिरा

एकट्या माणसावर हात बसला की कालोच्या ‘इम्प्रुनेताची जत्रा’ या १६२० च्या एचिंगकडे या. हे मोठं आहे, साधारण ४३ बाय ६७ सेंटिमीटर. इम्प्रुनेता हे फ्लॉरेन्सच्या दक्षिणेचं गाव. तिथल्या मेरीच्या देवळापुढे ऑक्टोबरात संत लूकच्या दिवशी जत्रा भरते. कालो तेव्हा फ्लॉरेन्सला, तिथल्या सत्ताधारी मेडिची घराण्याच्या पदरी होता आणि चित्र त्याने त्या घराण्यातल्या दुसऱ्या कोझिमोला अर्पण केलं. त्यात हजारावर माणसं आहेत, शेकड्याने जनावरं आहेत.

इथे पूर्ण चित्रावरून नजर फिरवून काही मिळत नाही. आडव्या पट्ट्या पाडा. अगदी पुढची पट्टी जाड, काळ्या रेघांची आहे. तिथली माणसं बोटाच्या पेराएवढी आहेत आणि त्यांचे कपडे, गाठोडी, कुत्री स्पष्ट दिसतात. मधली पट्टी खऱ्या बाजाराची आहे: भांडी, जनावरं, तंबू, घासाघीस. इम्प्रुनेताची मातीची भांडी प्रसिद्ध आहेत, तेव्हा भांड्यांच्या ढिगाऱ्याशी थांबा आणि कोण घेतं, कोण विकतं, कोण नुसतं पाहतं ते वेगळं काढा. तिसरी पट्टी देवळाकडची, तिथे माणसाला एक उभी रेघ आणि एक टिंब एवढंच मिळतं, तरीही गर्दी कुठे सरकते आहे ते कळतं.

या गर्दीत गुन्हेगाराला मागे बांधलेल्या हातांनी दोरावर टांगून शिक्षाही चालली आहे. खरेदी करणारे लोक तिच्या आसपास आपापल्या कामात आहेत. कालोने ती मध्यभागी आणून ओरडून सांगितली नाही, जत्रेतल्या इतर गोष्टींइतकीच जागा तिला दिली. माझ्या मते या चित्रातली सगळ्यात धीट गोष्ट हीच. नजर चुकवून ठेवलेली क्रूरता शोधायची सवय इथे लागली तर पुढचं चित्र वाचता येतं.

ते पुढचं चित्र म्हणजे १६३३ ची ‘युद्धाची दुःखं आणि आपत्ती’ ही १८ एचिंगची मालिका. प्रत्येक चित्र तळहाताएवढ्या उंचीचं आणि आडवं. त्याच वर्षी फ्रेंच सैन्याने कालोचं गाव नान्सी ताब्यात घेतलं होतं. पाचव्या चित्रात सैनिक शेतकऱ्याचं घर लुटतात. अकराव्या चित्रात उघड्या माळावर एक मोठं झाड आहे आणि त्याच्या फांद्यांना फाशी दिलेले सैनिक-लुटारू रांगेने लटकत आहेत. शिडीवर एक पाद्री चढला आहे, झाडाखाली ढोलावर कुणी फासे टाकतं आहे, आणि दोन्ही बाजूंना भाले घेतलेल्या फौजा शिस्तीत उभ्या आहेत. सतराव्या चित्रात शेतकरी सैनिकांना गाठून त्यांचा सूड घेतात. पाचवं, अकरावं आणि सतरावं चित्र शेजारीशेजारी ठेवून पाहा. पाचव्यात मार खाणारा शेतकरी सतराव्यात मारणारा आहे, आणि कालो दोन्हीकडे त्याला सारख्याच अंतरावरून पाहतो.

‘तीन झाडं’ आणि हे फाशीचं झाड यांच्यात फक्त १० वर्षांचं अंतर आहे. मोकळं आकाश दोन्हीकडे, मोठी झाडं दोन्हीकडे. एका देशात झाडाखाली प्रेमी बसतात आणि दुसऱ्यात काय होतं, हे माणसं वगळून पाहिलं तर कळणारच नाही.

पायरी सातवी: हे कुणासाठी काढलं आहे ते विचारा

चित्रातला गुराखी खरा गुराखी असतोच असं नाही. क्लोद लोरँ हा लोरेनचाच, पण आयुष्य रोममध्ये काढलेला. त्याचं ‘गुराखी’ हे १६३६ चं एचिंग उजेडासाठी सुंदर आहे: पाण्यातून चालणारी गुरं, पावा घेऊन बसलेला गुराखी, पडके खांब, पानांतून गाळून आलेलं ऊन. पण या गुराख्याला ना घाई, ना भूक. रोममधल्या शिकलेल्या, श्रीमंत ग्राहकाने लॅटिन काव्यात वाचलेला तो गुराखी आहे. त्याच वर्षी क्लोदने रोमच्या फोरमचं, म्हणजे प्राचीन काळच्या मुख्य चौकाचं, एचिंग केलं. तेव्हा तिथे गुरांचा बाजार भरत असे. भग्न देवळांमधे गुरं आणि गप्पा मारणारी माणसं पाहिली की तोच चित्रकार खऱ्या बाजाराजवळ कसा येतो ते दिसतं. मी निसर्ग विकतो, माणसं फुकट देतो, असं क्लोद म्हणे अशी आख्यायिका आहे. ती खरी धरली तरी त्याची फोरममधली माणसं काढून टाकून पाहा, राहतात ते नुसते दगड.

याच्या समोर ओस्टाड ठेवा. हारलेमच्या या चित्रकाराची पन्नासेक एचिंग आहेत. तरुणपणी त्याने दारू पिऊन भांडणारे, वेडेवाकडे शेतकरी काढले, शहरी गिऱ्हाइकाला हसायला. पुढे तो बदलला. १६४७ च्या ‘कुटुंब’मध्ये अंधाऱ्या घरात आई-बाप-मुलं आपापल्या उद्योगात आहेत, कुणाची थट्टा नाही. हे घराच्या आतलं चित्र आहे, निसर्गाचं नाही. पण त्याच्या गावच्या रस्त्यांवर, पुलांवर, झाडाखालच्या जत्रेत दिसणारी माणसं याच घरांतून बाहेर आलेली आहेत, म्हणून आधी ते पाहा. हसायला काढलेला माणूस आणि ओळखीने काढलेला माणूस यांतला फरक नाकाच्या आणि हाताच्या रेघेत असतो. थट्टेत हात-पाय आखूड आणि डोकं मोठं होतं.

फ्लॉरेन्सचा स्टेफानो डेला बेला याने १६४६ मध्ये पॅरिसच्या पाँ-नफ पुलाचं एचिंग केलं. तेही जवळ ठेवा. बग्ग्या, फेरीवाले, भिकारी, कुत्री असं शहराचं सगळं अंग एका पुलावर आहे आणि कुणावरही टीका नाही.

पायरी आठवी: चित्र आरशासारखं उलटून पाहा

पत्र्यावर काढलेलं चित्र छापताना उलटं होतं, डावं उजवीकडे जातं. चित्रकाराने काळजी घेतली नसेल तर छापात माणसं डावखुरी दिसतात आणि तलवार चुकीच्या कमरेला येते. रेम्ब्रांट दृश्यांच्या बाबतीत याची पर्वा करत नसे. हारलेमचं ते दृश्यही उलटं छापलेलं आहे. फोनच्या एडिटरमध्ये आडवं उलटण्याची सोय असते, ती वापरा. खरी जागा ओळखायची असेल तर हे केलंच पाहिजे. माणसांसाठीही उपयोग होतो, कारण रेम्ब्रांटच्या डोळ्यांसमोर चित्र काढताना दिशा तीच होती.

पायरी नववी: एकाच पत्र्याचे वेगवेगळे छाप ताडून पाहा

चित्रकार पत्र्यात मधेच बदल करतो तेव्हा त्या टप्प्याला ‘स्टेट’ म्हणतात. संग्रहालयाच्या नोंदीत स्टेटचा आकडा दिलेला असतो. रेम्ब्रांटच्या १६४५ च्या ‘सिक्सचा पूल’मध्ये लाकडी पुलाच्या कठड्यापाशी दोन माणसं बोलत उभी आहेत. सगळं चित्र इतकं भरभर काढलेलं आहे की मोहरी आणायला गेलेला नोकर परत येईपर्यंत ते पुरं करायची पैज लागली होती, अशी गोष्ट पुढे पसरली. पण पहिल्या स्टेटमध्ये दोघांच्याही हॅटा पांढऱ्या आहेत, दुसऱ्यात एकाच्या हॅटवर छाया आली आहे, तिसऱ्यात दोघांच्याही. आकाश, पाणी, झाडं यांना त्याने हात लावला नाही. मिलिमीटरभराच्या दोन हॅटांसाठी पत्रा पुन्हा हातात घेतला. ही माणसं भरीची असं म्हणणाऱ्याला मी एवढी एक गोष्ट दाखवतो.

स्टेटइतकीच महत्त्वाची गोष्ट म्हणजे पत्रा किती झिजला आहे. तांबं मऊ असतं आणि प्रत्येक छापाला, प्रत्येक पुसण्याला रेघा थोड्या उथळ होतात. सगळ्यात आधी जातात त्या लांबच्या, फिकट रेघा, म्हणजे नेमकी शेतातली माणसं. सुईने थेट तांब्यावर ओरखडून काढलेल्या रेघांची मखमली किनार तर पहिल्या काही छापांतच संपते. रेम्ब्रांटचे कितीतरी पत्रे त्याच्यानंतरही फिरत राहिले, अठराव्या शतकाच्या शेवटी पॅरिसमध्ये त्यांतून भरपूर छाप निघाले, आणि ओस्टाडच्या पत्र्यांवरही पुढच्या मालकांनी रेघा गिरवल्या. तेव्हा एखाद्या चित्रात माणसं कोरडी आणि जड वाटली तर चित्रकाराला दोष देण्याआधी जुना छाप शोधा. रेम्ब्रांटने काही छाप पिवळसर जपानी कागदावरही काढले. त्यात माणसांच्या कडा मऊ होतात. तो कागद डच ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांतून येई, म्हणजे त्याच काळात आपल्या वेंगुर्ल्याला वखार असलेल्या कंपनीच्या.

पायरी दहावी: एक माणूस स्वतः काढा

चित्रकला येत नसली तरी करा. पॉइंट-वनचं, म्हणजे ०.१ मिलिमीटर टोकाचं, काळं पेन घ्या आणि कालोच्या जत्रेतला पुढच्या पट्टीतला एक माणूस दोन सेंटिमीटरमध्ये उतरवा. आधी डोकं नाही, तोल काढा: वजन कुठल्या पायावर आहे ती एक रेघ. मग खांदे, मग हातातली वस्तू, डोकं शेवटी. उजेडाच्या बाजूची रेघ तुटक ठेवा, सावलीच्या बाजूची जाड करा. मग तोच माणूस अर्ध्या सेंटिमीटरमध्ये काढा. काय गाळायचं ते ठरवावं लागेल, आणि कालोने काय गाळलं ते तेव्हा पहिल्यांदा नीट दिसेल. बहुधा हात जातो, ओझं राहतं.

प्रत्यक्ष कुठे पाहाल

एचिंग उजेडाने खराब होतात म्हणून संग्रहालयं ती कायम भिंतीवर लावत नाहीत. मोठ्या संग्रहालयांच्या छापचित्र विभागात आगाऊ वेळ घेऊन गेलं की ती टेबलावर पाहायला मिळतात, लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये अशी सोय आहे. जाताना हव्या त्या छापांचे संग्रह-क्रमांक संकेतस्थळावरून उतरवून न्या, विषय सांगून मागू नका. आपलं भिंग न्या, पेन मात्र नेऊ नका, तिथे शिसपेन्सिलच चालते. अ‍ॅमस्टेलवेन, आइंडहोव्हन भागात राहणाऱ्या मराठी मंडळींनी अ‍ॅमस्टरडॅममधलं रेम्ब्रांटचं घर चुकवू नये. तो १६३९ ते १६५८ या काळात तिथे राहिला, आणि आता तिथे पत्र्यावर शाई भरून छाप काढून दाखवतात. मुंबईत सर जे. जे. कलामहाविद्यालयाच्या मुद्राचित्रण विभागात विद्यार्थी एचिंग करतात, त्यांच्या वार्षिक प्रदर्शनात ताजा छाप हातभर अंतरावरून पाहता येतो. कागदावर पत्र्याच्या कडेचा जो दाब उमटतो तो आधी तिथे पाहून घ्या, म्हणजे जुना छाप समोर आल्यावर एचिंग कुठलं आणि त्याची यंत्रावर केलेली नक्कल कुठली, हे वेगळं करायला पहिली खूण हाताशी असेल.